पेनाच्या आकाराचा ईसी मीटर : द्राक्षबागेतील एका वर्षाचा अनुभव

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेला विहीर आणि बोअर असे दोन्हींचे पाणी लागते. उन्हाळ्यात कोणते पाणी किती सोडावे हे ठरवता यावे म्हणून गेल्या वर्षी मी हा ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे उपकरण, घेतला. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन वीज वाहून नेतात, त्यामुळे क्षार वाढले की विद्युतवाहकता वाढते आणि मीटर ती मायक्रोसिमेन्समध्ये दाखवतो.

पहिल्याच दिवशी १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात (ज्याची वाहकता आधीच ठाऊक असते अशा) बुडवल्यावर आकडा १५२० आला. बटण दाबून तो जुळवला, तरी दोन महिन्यांनी पुन्हा १४६८ दिसू लागला, म्हणून आता दर पंधरवड्याला जुळवणी करतो. द्रावणाची पुडी सोबत मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते, हे मला अजिबात पटलेले नाही. वाहकता तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते. मीटर ती दुरुस्ती स्वतः करतो, पण टोक पाण्यात मिनिटभर तरी ठेवावे लागते.

मे महिन्यात बोअरचे पाणी १९०० आणि विहिरीचे ८०० भरले. द्राक्षाला दिलेल्या पाण्याचा आकडा साधारण १००० च्या वर गेला की उत्पादनावर परिणाम सुरू होतो, अर्थात जमीन आणि खुंट (ज्यावर कलम केलेले असते ते मूळझाड) यांवरही ते अवलंबून असते. एक भाग बोअर आणि तीन भाग विहीर असे मिसळून मोजले तेव्हा १०८० आले, आणि उन्हाळाभर तेच प्रमाण ठेवले. आदल्या वर्षी पानांच्या कडा करपल्या होत्या, तेवढ्या या वेळी करपल्या नाहीत. एवढ्या कामासाठी मी हा मीटर पुन्हा घेईन.

टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ दाखवणाऱ्या, बटणावर मात्र विसंबू नये. तो आकडा वाहकतेला ०.५ किंवा ०.७ अशा गुणकाने गुणून काढलेला असतो आणि यात कोणता गुणक वापरला आहे, हे माहितीपत्रकात दिलेले नाही. ठिबकमधून खत सोडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : युरिया विरघळला तरी त्याचे आयन होत नाहीत, त्यामुळे टाकीत युरिया भरपूर असूनही आकडा जवळपास हलत नाही.

शेजारच्या काकूंनी पिण्याचे पाणी तपासायला मीटर मागितला. आकडा ४२० आला आणि त्या निश्चिंत झाल्या, पण जंतू या मीटरला दिसत नाहीत हे त्यांना समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन दिला.