इंग्रजी ग्रामर चेकर ॲप घेतलं आणि 'दे' (they) वरून डोकं फिरलं (5 पैकी अडीच स्टार)

ॲपचं नाव लिहीत नाही, कस्टमर केअरवाली मुलगी बिचारी फार चांगलं बोलली. वर्षाचे साडेतीन हजार भरले. माझं काम एचआर पॉलिसी लिहायचं, क्लायंट अमेरिकेतला. स्पेलिंग, कॉमा एकदम भारी, आणि 'अ' (a) लावायचा की 'द' (the) हा शाळेपासूनचा घोळ आठवड्यात सुटला.

लोचा सर्वनामांत. पहिल्याच दिवशी 'एव्हरी एम्प्लॉयी मस्ट सबमिट देअर (their) फॉर्म' लिहिलं तर देअरखाली लाल रेघ. एम्प्लॉयी एकटा, देअर अनेकवचन, म्हणून 'हिज ऑर हर' करा म्हणे. केलं. एका पानात 11 वेळा हिज ऑर हर, वाचताना तोंडाला फेस. क्लायंटने सगळं खोडून परत देअर करून पाठवलं!

मग जरा शोधलं, तर एका माणसाला दे म्हणणं इंग्रजीत चौदाव्या शतकापासून चालू आहे, हे काल आलेलं फॅड नाहीच, चूक आहे म्हणून ओरडा झाला तो खूप नंतर, व्याकरणवाल्यांचा. 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटने ठरवून टाकलं की कायद्यात पुल्लिंग लिहिलं की त्यात बायकाही आल्या, आपल्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये पण तेच आहे आणि आमचा वकील अजून पॉलिसीच्या शेवटी ती ओळ चिकटवतो. एपीए स्टाइलने (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं लेखनाचं नियमपुस्तक) 2019 मध्येच एकवचनी दे वापरा म्हणून सांगितलंय. ॲप कुठल्या जमान्यात आहे कोण जाणे.

सेटिंगमध्ये 'इन्क्लुझिव्ह' (सगळ्यांना सामावून घेणारी भाषा) बटण सापडलं. ते चालू केलं तर दुसरं टोक, वाक्यात रमेश, पुढे 'ही' (he), तरी त्याचं 'दे' करा म्हणे. आणि क्लायंटच्या टीममध्ये एकजण 'ही' (he) नको, 'शी' (she) नको म्हणून स्वतःला खरोखरच दे म्हणवून घेतात, त्यांच्या वाक्यात 'दे आर' लिहिलं तर 'इज' हवं म्हणे! अरे, 'यू' पण आधी अनेकवचनीच होतं, आपण एकट्या माणसाला यू इज म्हणतो का?

मराठीत बेल वाजली की 'कोण आलंय बघ', तो नाही ती नाही, सरळ नपुंसकलिंग, कुणाला काही वाटत नाही. पण माणूस घरात आला की संपलं, आला का आली ते ठरवावंच लागतं. त्याच सहकाऱ्यांची ओळख पुण्याच्या टीमसाठी मराठीत लिहायची होती. 'ते' लिहिलं तर कुणी वयस्कर साहेब वाटतात, 'त्या' लिहिलं तर बाई, शेवटी क्रियापदं गाळून नाव आणि हुद्दा तेवढा ठेवला. ह्यात ॲपचा दोष नाही म्हणा, त्यात मराठी नाहीच.

अडीच स्टार कॉमासाठी. घेणार असाल तर सर्वनामाचं चेकिंग वेगळं बंद करता येतं, पण ते तिसऱ्या मेनूत लपवलंय, मला दोन महिन्यांनी सापडलं.