बेअरव्हॉल्ट बीव्ही 500: रे लेक्सला एकट्याने निघालात तर हा डबा घ्यावा का?

कॅलिफोर्नियातल्या किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानातला रे लेक्सचा फेरा साधारण 66 किलोमीटरचा आहे. रोड्स एंडहून निघून पॅराडाइज व्हॅली आणि वुड्स क्रीकमार्गे वर चढायचं, 3,200 मीटरच्या आसपासच्या तळ्यांकाठी मुक्काम करायचा, 3,651 मीटरची ग्लेन खिंड ओलांडायची आणि बब्स क्रीकच्या कडेने परत खाली यायचं. पाच दिवस आणि चार मुक्काम धरले तर दमछाक होत नाही. तळ्यांच्या भागात खाणं ठेवायला मान्यताप्राप्त अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे. झाडाला पिशवी टांगून चालत नाही आणि अर्सॅकची कापडी पिशवीही तिथे ग्राह्य धरत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या बऱ्याच मराठी ट्रेकर्सच्या सॅकमध्ये मग बेअरव्हॉल्ट बीव्ही 500 हाच निळसर पारदर्शक डबा दिसतो.

डबा पॉलिकार्बोनेटचा आहे. आतली जागा 11.5 लिटर, वजन 1.16 किलो, उंची 32 सेंटिमीटर आणि व्यास 22. दोघं असाल तर एकाने डबा, दुसऱ्याने तंबू अशी वाटणी होते. एकट्याला ती सोय नाही, म्हणून अनेकजण वजन वाचवायला धाकटा बीव्ही 450 उचलतात. तो 7.2 लिटरचा आणि जेमतेम सव्वादोनशे ग्रॅमने हलका. एवढ्याशा फरकासाठी चार लिटरहून जास्त जागा सोडणं हा तोट्याचा सौदा आहे. दिवसाला दीड-पावणेदोन लिटर असा ढोबळ हिशेब धरला तर पाच दिवसांना आठ लिटर लागतात. त्यात टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, साबण आणि रोजचा कचराही याच डब्यात जायचा असतो. अस्वलाला या सगळ्याचा वास सारखाच. तीन मुक्कामांपर्यंत 450 चालेल, त्यापुढे 500च घ्या.

जागा पुरते की नाही, हे काय भरता त्यावर ठरतं. पातळ पोहे, चकल्या, चिवडा म्हणजे निम्मी हवाच. पोहे भाजून, हाताने चुरून भरले तर बरेच बसतात. शेंगदाण्याची चिक्की, सुकामेवा, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण आणि उकडपेंडीचं भाजून ठेवलेलं पीठ हे खरे कामाचे पदार्थ. तूप छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत न्या. 100 मिलीत आठशेवर कॅलरी मिळतात. मुगाच्या डाळीची खिचडी मात्र घरीच राहू द्या. 3,200 मीटरवर पाणी 89 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस फुकट जातो. त्यापेक्षा झटपट भात, मेतकूट आणि तूप. हिंग घातलेलं काहीही दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी चॉकलेटलाही हिंगाचा वास येतो.

दुकानातली सीलबंद पाकिटं उंचीवर फुगतात, कारण तिथली हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरते. घरीच टाचणीने भोक पाडून हवा काढा आणि भोकावर चिकटपट्टी लावा. सगळ्यात शेवटी लागणारं तळाशी, त्या दिवसाचं वर. डबा आडवा करून भरला की कोपरे सुटत नाहीत.

आता झाकण. या डब्याची खरी कटकट इथेच आहे. ते आट्यांवर फिरतं आणि बंद होताना दोन अडण्यांवरून कटकन पुढे सरकतं. दोन्ही वेळचा आवाज ऐकू आल्याशिवाय डबा बंद झाला असं समजू नका. उघडताना झाकणाच्या कडेवरचा उंचवटा आत दाबून उलटं फिरवायचं, तेही दोनदा. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, बोटं बधिर असतात आणि पहाटे झाकण हलत नाही. उपाय सोपा आहे: जुनं प्लॅस्टिकचं कार्ड झाकणाच्या फटीत घालून अडणीपर्यंत सरकवा, उंचवटा त्यावरून घसरून पुढे जातो. आट्यांमध्ये वाळू किंवा पिशवीचं टोक अडकलं तर कार्डही हरतं. म्हणून बंद करण्याआधी आटे पुसून घ्या.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातली यलो-यलो नावाची अस्वलीण हीच झाकणं दातांनी उघडायला शिकली होती. मग झाकणाला दुसरी अडणी आली, तीही तिने जिंकली. किंग्ज कॅन्यन ज्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत आहे, त्या सिएरामध्ये मात्र हा डबा मान्य आहे.

रात्री डबा तंबूपासून निदान 30 मीटर दूर, सपाट जागी ठेवा. उतार, कडा आणि पाणी टाळा. अस्वल डबा फोडू शकलं नाही तरी ढकलून ओढ्यात घालवेल आणि एकट्या माणसाचं सगळं जेवण वाहून जाईल. दोरी बांधू नका, ती अस्वलाला उचलून न्यायला मूठच होते. डबा जलरोधक नाही. पावसात आतल्या पिशव्याच कामाला येतात.

सॅकमध्ये डबा उभा, पाठीच्या मध्यावर, स्लीपिंग बॅगच्या वर बसवा. पन्नास लिटरखालच्या सॅकमध्ये तो बाकी काही राहू देत नाही. भोवतीच्या फटींत कपडे कोंबा, नाहीतर दर पावलाला कण्याला टोचतो.

किंमत शंभर डॉलरच्या आसपास. बेअरिकेडचा कार्बन फायबरचा डबा हलका आहे आणि नाण्याने उघडतो, पण तिपटीहून महाग. गार्सियाचा काळा डबाही नाण्याने उघडतो, पण जड आहे, जागा कमी आणि बाहेरून आतलं दिसत नाही. सिएरात एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या. दरवर्षी जाणाऱ्यांनी बीव्ही 500 विकत घ्यावा.

एक काळजी घ्या: डासांच्या औषधातलं डीट प्लॅस्टिक खराब करतं. ती बाटली डब्यातच जायची असते, म्हणून झाकण घट्ट करून वेगळ्या जाड पिशवीत बांधा आणि आट्यांपासून लांब, तळाशी उभी ठेवा.