सेल टाकायची पेटी: पाचपैकी साडेतीन

आमच्याकडे संपलेले सेल श्रीखंडाच्या डब्यात जमतात. घड्याळाचे, रिमोटचे, नातवाच्या गाड्यांचे. इन्व्हर्टरची बॅटरी असली की भंगारवाला लगेच भाव सांगतो, तिच्यात शिसं असतं ना! पेन्सिल सेल दाखवले की "ते नको, ताई." कोथरूडमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घेतात असं कळलं, म्हणून परवा डबा घेऊन गेले.

पेटी वॉशिंग मशिनांच्या मागे, विचारल्याशिवाय सापडणार नाही. तिथल्या मुलाने डबा काउंटरवर उपडा केला. म्हटलं, आता हा परत देणार. तर त्याने बटण सेल आणि चौकोनी नऊ व्होल्टचा वेगळा काढला आणि एकेकाला चिकटपट्टी लावत बसला. "काकू, याची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात. किल्ल्यांबरोबर ठेवू नका." हे शहाणपण माझ्याकडे आधीच होतं: भजनी मंडळाच्या माइकचा असाच सेल किल्ल्यांच्या पर्समध्ये टाकला होता, रिक्षात मांडीला चटका बसला तेव्हा कळलं. संपलेला म्हणून काढलेल्या सेलमध्येही तेवढा जीव असतो.

फुगलेली मोबाइलची बॅटरी त्याने पेटीत टाकूच दिली नाही. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. याला अर्धा तारा जास्तीचा.

दीड तारा कापला तो पुढच्या उत्तराला. "हे जातं कुठे?" "गाडी येते." कोणाची? "येते महिन्याने." 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. मग गाडी कोणाची, माल कुठल्या कारखान्यात जातो, एवढं पेटीवर लिहायला काय हरकत? पेन्सिल सेलमधून जस्त, मँगनीज, लोखंड निघतं. ते खरंच निघतं की सगळं डेपोवर पडतं, हे मला कळायला हवं.

तरी मी परत जाणार. नातू दीड वर्षाचा आहे आणि दिसेल ते तोंडात घालतो. वजनकाट्यातला तो नाण्याएवढा सेल, 2032 नंबरचा, जेमतेम 20 मिलिमीटरचा. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. असले सेल आता डब्यात जमवत नाही, चिकटपट्टी लावून वरच्या फळीवर, आणि तिथून थेट दुकानात.

जाणार असाल तर श्रीखंडाचा डबा आठवणीने परत मागून घ्या. माझा तिथेच राहिला.