वायफाय ६ म्हणून जुनाच राऊटर गळ्यात मारला, ५,१०० रुपये गेले

केबलवाल्याच्या माणसाकडून राऊटर घेणार असाल तर थांबा आणि आधी हे वाचा. आम्ही इंटरनेटचा प्लॅन १०० चा ३०० एमबीपीएस केला, स्पीड काही वाढेना, तर तो मुलगा म्हणाला ताई तुमचा राऊटर जुना झालाय, वायफाय ६ चा घ्या, एएक्स ३०००, दुकानात साडेसहा हजाराला आहे, मी ४,७५० ला देतो. वर कॉन्फिगरेशनचे ३५०. एकूण ५,१०० रुपये, ते पण त्याच्या बायकोच्या नंबरवर यूपीआय करायला लावले. कनेक्शन घेतल्यापासून हाच येतो, एकदा आईची बीपीची गोळी पण आणून दिलीये त्याने, अशा माणसावर संशय कोण घेणार?

लावून झाल्यावर त्याने स्पीड टेस्ट दाखवली, स्वतःच्या फोनवर. २८६. आई खूश, मी खूश. आणि त्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नव्हतं, ५जी लिहिलेलं होतं! माझ्या डोळ्यांसमोर होतं ते, अजून आठवलं की हातपाय थरथरतात. पण समोरचा माणूस एवढा मोठा आकडा दाखवत असताना कोपऱ्यात कोण बघतं? फोन हातात पण दिला नाही, लांबूनच दाखवला. टेस्ट आपल्याच फोनवर करायची, मोबाईल डेटा बंद करून.

ऑफिसचे कॉल अडकायचे थांबेनात म्हणून भाच्याने लॅपटॉपला केबल लावली तर लिंक स्पीड १००/१००. म्हणजे १००० एमबीपीएस पेलणारं गिगाबिट पोर्टच नाही, आणि बाहेरची वायर त्याच पोर्टात जाते म्हटल्यावर वायफायवर पण ९४-९५ च्या वर इंटरनेट येणारच नाही, प्लॅन कितीचाही घ्या. राऊटरच्या पेजवर लॉगिन केलं तर मॉडेल एसी १२००, म्हणजे वायफाय ६ च्या आधीचं वायफाय ५, नवा घेतला तरी दीड हजाराच्या आसपास मिळतो. खालचं स्टिकर नखाने सोललं तर आत दुसरं, जुनं स्टिकर. बॉक्स तेवढा खऱ्या एएक्स ३००० चा. बॉक्सवरचा आणि राऊटरखालचा सीरियल नंबर पैसे द्यायच्या आधी जुळवून बघा, आणि तो ३००० म्हणजे वायफायच्या दोन बँडच्या (लहरींच्या) स्पीडची, ५७४ आणि २४०२ ची, जवळपास बेरीज असते, एका फोनला तेवढा स्पीड मिळत नाही, ह्या आकड्यांवरच तर गंडवतात. जाताना आमचा जुना राऊटर पण उचलून नेला, तो आता कुणाच्या घरी नवा म्हणून बसवला असेल देव जाणे.

ऑपरेटरच्या ऑफिसात म्हणे तो आमच्या पगारावर नाही. मग त्याच्या टी-शर्टवर तुमचं नाव कशाला? राऊटर कंपनीचं कस्टमर केअर म्हणे बिल पाठवा, आणि बिल म्हणजे पिवळ्या कागदावरचं एस्टिमेट, जीएसटी नंबर नसलेलं (पक्कं बिल मागाच, १८ टक्के गेले तर गेले). चौकीत गेले तर मॅडम तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत, हे सिव्हिल मॅटर आहे. अर्ज तरी घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या दुसरेच साहेब, परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी काय तर पाच हजारासाठी एवढं कशाला. अरे, मग कितीपासून फसवणूक धरायची? पूर्वीचं ४२०, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, त्यात कुठे लिहिलंय की पाच हजाराला लागू नाही? यूपीआयचा नंबर आहे, फोन नंबर आहे, माणूस रोज ह्याच रस्त्याने शिडी घेऊन फिरतोय, शोधायचं काहीच नाहीये, तरी कुणाला जागचं हलायचं नाही!

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हे चौकीत कुणी सांगितलं नाही. त्याआधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घेऊन ठेवा. सोललेलं स्टिकर, बॉक्स, यूपीआयचा स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवलंय. आमच्या सोसायटीत त्याने अजून बऱ्याच घरी राऊटर बसवलेत, ज्यांनी बॉक्स टाकून दिला नसेल त्यांनी दोन्ही सीरियल नंबरचे फोटो मला पाठवा, तक्रारीला जोडायचेत.