आठ महिने वापरल्यावर: दोन नवे स्विच, एक जुना आणि अडलेलं पोर्ट

मागच्या आठवड्यात उंदरानं स्टोअरची केबल कुरतडली आणि आम्हाला तीन दिवस पत्ताही लागला नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं वर्कशॉप छोटं. ऑफिसात एक, सर्व्हरच्या खोलीत एक असे दोन गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) मॅनेज्ड स्विच घेतले, म्हणजे संगणकांच्या केबली एकमेकांना जोडणारे, सेटिंग बदलता येणारे डबे. स्टोअरमधला १०० एमबीपीएसचा जुना धडधाकट होता, तो टाकवेना. एक केबल तुटली तरी दुसरी वाट राहावी म्हणून तिघे त्रिकोणात जोडले, डेटा त्यात गोल गोल फिरत बसू नये म्हणून एक वाट अडवून राखीव ठेवणारं आरएसटीपी चालू केलं आणि पहिले पाच महिने नव्या स्विचच्या नावानं बोटं मोडली. ऑफिसातून सर्व्हरवरची ड्रॉइंग उघडायला वेळ पूर्वीइतकाच! बघतो तर दोन नव्यांमधलीच केबल अडवलेली. एका टोकाला ‘डेझिग्नेटेड’ (चालू), दुसऱ्याला ‘अल्टरनेट, डिस्कार्डिंग’ (राखीव, अडवलेलं). पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, खराब समजून वॉरंटीत बदलून मागितलं. विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन गेला, फर्मवेअर चढवलं, शेवटी म्हणाला, “ती केबल काढूनच टाका ना, साहेब.” भिंतीला भोकं पाडून ओढलेली केबल काढायची?

एका रविवारी कागदावर गणित मांडलं आणि मत बदललं. आरएसटीपी आधी एक प्रमुख स्विच, म्हणजे रूट ब्रिज, निवडतं आणि त्याच्यापासून वाटा मोजतं. ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात लहान, तो प्रमुख. तिघांचीही प्रायॉरिटी मुळातली ३२७६८. बरोबरी झाली की लहान मॅक ॲड्रेसवाला (कारखान्यातून मिळालेला क्रमांक) रूट ब्रिज होतो, आणि तो निघाला स्टोअरमधला म्हातारा. रूटकडे जायची सगळ्यात स्वस्त वाट ज्या पोर्टातून जाते ते रूट पोर्ट. किंमत म्हणजे रुपये नव्हेत, वेगावरून ठरणारा आकडा: १०० एमबीपीएसच्या वाटेची २,००,०००, गिगाबिटची २०,०००. दोन्ही नव्यांना म्हाताऱ्याकडे थेट २ लाख पडत होते, एकमेकांमार्फत २ लाख २० हजार. मग मधली गिगाबिट केबल अडणारच, आणि ड्रॉइंग स्टोअरला वळसा घालून येणार. पोर्ट बिचारं निर्दोष होतं.

सर्व्हरच्या स्विचची प्रायॉरिटी ४०९६ केली. ऑफिसचं रूट पोर्ट त्याच गिगाबिट केबलवर आलं आणि अडलेलं टोक स्टोअरमध्ये गेलं, ऑफिसकडच्या केबलवर. ड्रॉइंग आता झटक्यात उघडतात.

उंदरानं तोडली ती स्टोअर ते सर्व्हर केबल. म्हाताऱ्याचं रूट पोर्ट गेलं, पण अल्टरनेट तयारच होतं, तेच लगेच रूट पोर्ट झालं. आरएसटीपीच्या आधीच्या एसटीपीत पोर्ट चालू होण्यापूर्वी ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे किमान ३० सेकंद गेले असते. इथं बारकोड स्कॅनर अडखळलासुद्धा नाही. स्विचच्या लॉगमधली (नोंदवहीतली) ती ओळ वाचली तेव्हा खरंच भरून आलं.

संगणकांची पोर्टं मात्र एज पोर्ट (पलीकडे दुसरा स्विच नसलेलं पोर्ट) म्हणून आधीच नोंदवा. आमच्या स्विचवर ते आपोआप होत नाही, आणि नोंदवलं नाही तर सकाळी संगणकाला आयपी ॲड्रेस मिळायला अर्धा मिनिट जातो.

आता माझी खरी तक्रार. दिवा! अडलेल्या पोर्टाचा दिवाही चालू पोर्टासारखाच हिरवा. एवढे पैसे घेता, तर पिवळा लावायला काय जातं? पाच महिने मी त्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवला, फक्त त्यासाठी रेटिंगमधला एक तारा कापतोय. सध्या स्टोअरमधल्या त्या पोर्टाला लाल चिकटपट्टी लावली आहे, आणि नवी केबल लोखंडी पाइपातून घेतली आहे.