पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डिंग यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती घरच्या शेडमध्ये करता यावी, या हेतूने मी सिंगल फेजवर चालणारे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मिग यंत्र (यात वायर आपोआप पुढे सरकून वितळते आणि बहुधा गॅस तो धातू हवेपासून वाचवतो) घेतले आणि संपूर्ण पावसाळा धरून काही महिने ते नियमितपणे वापरले. चिपळूणमध्ये या कामाला तोटा नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहेच. शिवाय २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या अनेक गाड्यांच्या पोकळ भागांत शिरलेला गाळ पूर्णपणे निघाला नाही आणि आतून धरलेला गंज पुढच्या काळात बाहेर दिसू लागला. माझे बहुतेक काम एका जुन्या मारुती ओम्नीवर झाले. तिचा फ्लोअर, सरकत्या दाराखालची सिल (पोकळ उंबरठा) आणि मागच्या चाकाच्या कमानीचा खालचा काठ, हे तिन्ही भाग बदलावे लागले.

यंत्र विकताना सगळा भर कमाल अँपिअरवर दिला जातो. पत्र्याच्या कामात तो आकडा जवळपास निरुपयोगी आहे. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर हा प्रचलित हिशेब धरला, तर गाडीच्या ०.८ मिमी पत्र्याला ३० ते ३५ अँपिअर पुरतात आणि प्रत्यक्षात ५० च्या पुढे क्वचितच जावे लागते. म्हणून यंत्र किती कमी अँपिअरपर्यंत उतरते आणि तिथे आर्क (वायर आणि पत्रा यांमधली विजेची ज्योत) स्थिर ठेवते का, हे विकत घेण्यापूर्वी पत्र्याच्या तुकड्यावर चालवून पाहावे. माझे यंत्र या कसोटीवर चांगले उतरले, मात्र त्याचे स्वयंचलित सेटिंग पातळ पत्र्यासाठी थोडे गरम पडते. हाताने व्होल्टेज १५ ते १६ च्या आसपास ठेवून वायरचा वेग जुळवला, की फोडणीतील मोहरीसारखा एकसारखा तडतडाट ऐकू येतो. वायर टॉर्चला (हातात धरायच्या वेल्डिंगच्या नळीला) मागे ढकलू लागली तर वेग जास्त आहे, आणि टोकाशी मोठा थेंब लोंबकळून टपकू लागला तर व्होल्टेज जास्त आहे, हे कानाला आणि हाताला लवकर कळू लागते.

यंत्रासोबत गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर वायर (आत संरक्षक भुकटी भरलेली) मिळाली होती. तिच्यासाठी टॉर्च ऋण टोकाला जोडावी लागते, तर साध्या वायरीला गॅससह धन टोकाला. उघड्यावर, वाऱ्यात, जाड ब्रॅकेटसाठी ती वायर उपयोगी आहे, ०.८ मिमी पत्र्यावर मात्र ती फार उष्णता देते, छिटे उडवते आणि प्रत्येक टाक्यावरचा, म्हणजे वेल्डवरचा, स्लॅग (कडक कवच) काढत बसावे लागते. पत्रा शिकायचा असेल तर गॅसचा खर्च पहिल्या दिवसापासून गृहीत धरावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइड सर्रास वापरतात, त्यामुळे मिगला अनेक जण सीओटू वेल्डिंगच म्हणतात. तो स्वस्त आहे, पण त्याचा आर्क खरखरीत असतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण लावल्यावर छिटे लक्षणीय कमी झाले आणि टाका सपाट बसू लागला. १० लिटरच्या सिलेंडरमध्ये १५० बार दाबाला सुमारे १५०० लिटर गॅस असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर अडीच तासांचा प्रत्यक्ष आर्क मिळतो. टाके सेकंदाभराचे असल्याने हे प्रमाण वाटते त्यापेक्षा बरेच जास्त आहे. वायर साध्या पोलादासाठीच्या ईआर७०एस-६ या प्रतीची घ्यावी. बाजारात ०.८ मिमी सहज मिळते, परंतु पातळ पत्र्यावर ०.६ मिमी वायर कमी करंटवर वितळते, म्हणून ती शोधून आणण्याचे श्रम सार्थकी लागतात.

वेल्डिंगचा वेळ थोडा आणि तयारीचा फार, ही या कामाची खरी घडण आहे. गंज वरून लहान दिसतो. टोचणीने ठोकून पाहिले की चांगला पत्रा बऱ्याच अंतरावर सुरू होतो, आणि ठिगळ त्या चांगल्या पत्र्यालाच जोडायला हवे. गंजून कागदासारखा झालेला काठ कोणत्याही सेटिंगवर जळणारच. रंग, लांबी (पुट्टी), डांबरी थर आणि जस्त दोन्ही बाजूंनी काढून पत्रा चकचकीत करावा लागतो. ठिगळ काठाला काठ लावून बसवताना पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवली, तर टाका आरपार उतरतो आणि वर उंचवटा राहत नाही.

पत्र्यावर सलग रेघ ओढायची नसते. आधी ३० ते ४० मिमी अंतरावर टॅक (छोटे ठिपक्यासारखे टाके) मारायचे, मग दोन टॅकच्या मधोमध एक, आणि दर वेळी लांबच्या दुसऱ्या टोकाला जायचे. टाक्याला हात लावता येईपर्यंत शेजारी दुसरा मारू नये. थंड होताना प्रत्येक टाका आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढून घेतो. हा ताण सोडवण्यासाठी टाका घासून सपाट केल्यावर खाली डॉली (टेकूसाठीचा लोखंडी ठोकळा) धरून त्यावर हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे आकसलेला धातू पुन्हा पसरतो. घासतानाही एकाच जागी ग्राइंडर दाबून धरला तर त्या उष्णतेने पत्रा लहरी होतो. भोक पडलेच तर मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरावी. तांब्याला टाका चिकटत नाही आणि जास्तीची उष्णता ती ओढून घेते. कारखान्यात दोन पत्रे ठिपक्याने जोडणाऱ्या स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीचे छिद्र पाडून प्लग वेल्ड करावा, म्हणजे ते छिद्र वेल्डने भरावे, आणि त्याची सुरुवात नेहमी खालच्या पत्र्यावर करावी.

आमच्याकडचे जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर पितळ घालून हेच काम करतात आणि त्यांचा हात थक्क करणारा आहे. तरीही त्या ज्योतीची उष्णता पत्र्यात दूरवर पसरते. मोठ्या सपाट दारावर मिग त्या दृष्टीने सोपे पडते.

यंत्राच्या उणिवांपैकी अर्थचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याला लावायचा, हलका क्लॅम्प पहिली. तो बदलून जड क्लॅम्प लावल्यावर आर्कचे अडखळणे थांबले. लांब, बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडते, म्हणून जाड केबल आणि १५ अँपिअरचा सॉकेट आवश्यक आहे. कोकणातील दमट हवेत वायरीच्या तांब्याच्या मुलाम्याखालून गंज येतो आणि ती लायनरमध्ये (टॉर्चकडे वायर नेणाऱ्या नळीत) अडकते. पावसाळ्यात वायरीचे रीळ काढून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवणे हाच इलाज आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते पाहावे, सीट व गालिचे बाहेर काढावेत आणि पाणी हाताशी ठेवावे. आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावेच. टॅक मारताना एका हाताने ढाल सांभाळणे जमत नाही आणि आर्कच्या प्रकाशाने डोळ्यांना वेल्डिंग लागले की रात्र वेदनेत जाते. जस्ताचा धूर फुफ्फुसांत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, म्हणून शेडची दारे उघडी ठेवावीत, मात्र वारा थेट टाक्यावर येऊ देऊ नये.

सिल बंद केल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागासाठीचे गंजरोधक मेण) फवारणे मी वेल्डिंगइतकेच महत्त्वाचे मानतो, कारण टाक्याच्या मागच्या बाजूचा उघडा पत्रा एका पावसाळ्यातही गंजू लागतो. आणि ओम्नीसारख्या साध्या पोलादाच्या गाडीवर आलेला आत्मविश्वास नव्या गाडीच्या दाराच्या खांबांवर वापरू नये. तिथले उच्च-ताकदीचे पोलाद उष्णतेने आपली ताकद गमावते, बाहेरून तसे काहीच दिसत नाही, आणि ते काम निर्मात्याच्या दुरुस्ती पद्धतीनुसार करणाऱ्या कार्यशाळेकडेच द्यावे.