जावाचा सील्ड इंटरफेस: नऊ महिने वापरल्यानंतर

गृहनिर्माण सोसायट्यांचा मेंटेनन्स जमा करणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करते. पैसे रोख आले, चेकने, यूपीआयने की एनईएफटीने, यावर आमच्याकडे पुढचं सगळं ठरतं. पावतीवर कुठला नंबर छापायचा, विलंबाचं व्याज कुठल्या तारखेपर्यंत लावायचं, पैसे परत गेले तर नोंद कशी उलटवायची, सगळंच. नऊ महिन्यांपूर्वी आम्ही जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या 17 व्या आवृत्तीवरून 21 वर आलो, तेव्हा 'भरणा' हा जुना उघडा इंटरफेस (क्लासने कुठल्या मेथड द्यायच्या त्याचा करार) काढून त्या जागी सील्ड इंटरफेस ठेवला, म्हणजे ज्याचे प्रकार कोणते हे आधीच यादीने बांधलेलं असतं. सील्ड 17 मध्येच पक्का झाला होता, पण त्याची खरी जोडी जमते ती स्विचमधल्या पॅटर्न मॅचिंगशी (प्रकार ओळखून त्याचा केस चालवण्याशी), आणि ते सप्टेंबर 2023 च्या 21 मध्ये पक्कं झालं. म्हणून थांबलो होतो.

बदल का केला ते आधी सांगते. जुन्या इंटरफेसमध्ये 'परत जाऊ शकतो का' अशी एक डिफॉल्ट मेथड (क्लासने स्वतः काही लिहिलं नाही तर लागू होणारी) होती आणि ती 'नाही' असं उत्तर द्यायची. चेकच्या क्लासने ती ओव्हरराइड केली होती, बाकी कुणाला गरज नव्हती. पुढे नॅचचा, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याचा, पाचवा प्रकार आला. नवा क्लास लिहिला, सगळं कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या, कोड प्रॉडक्शनला गेला. खात्यात शिल्लक नसेल तर नॅचही परत जातो, हे आमच्यापैकी कुणालाच त्या दिवशी आठवलं नाही, आणि कंपायलरने विचारलं नाही. एका सोसायटीच्या खजिनदार काकांनी पासबुकाशी ताळा घातला तेव्हा जमा दाखवलेल्या पण न आलेल्या रकमा सापडल्या. वही घेऊन ते स्वतः एकेक नोंद तपासत बसले होते. मला फार वाईट वाटलं.

डिफॉल्ट मेथड जावा 8 मध्ये आल्या, त्या जुन्या इंटरफेसमध्ये भर घालताना जगभरचा कोड मोडू नये म्हणून. त्या कामाला त्या चोख आहेत. पण व्यवहाराच्या नियमाचं उत्तर त्यात ठेवलं की नवा प्रकार ते उत्तर न मागताच घेऊन टाकतो.

आता 'भरणा' सील्ड आहे आणि प्रत्येक प्रकार एक रेकॉर्ड, म्हणजे ठरलेली फील्डं धरणारा छोटा क्लास, आहे. चेकमध्ये नंबर, तारीख, बँक. यूपीआयमध्ये व्यवहार क्रमांक. रोखीत फक्त रक्कम आणि कुणी घेतली ते नाव. पूर्वी एकाच क्लासमध्ये निम्मी फील्डं रिकामी असायची, ती गेली. व्याजाचा, पावतीचा, उलट नोंदीचा हिशेब आपापल्या ठिकाणी स्विच एक्स्प्रेशनमध्ये लिहिलेला आहे.

खरी कसोटी चौथ्या महिन्यात लागली. कार्डाने भरणा घ्यायचा ठरला. नवा रेकॉर्ड लिहून पर्मिट्सच्या, म्हणजे परवानगी असलेल्या प्रकारांच्या, यादीत नाव घातलं, बिल्ड चालवला, आणि अकरा ठिकाणी एकच तक्रार: 'द स्विच एक्स्प्रेशन डझ नॉट कव्हर ऑल पॉसिबल इनपुट व्हॅल्यूज', म्हणजे स्विचमध्ये सगळे शक्य प्रकार आलेले नाहीत. एकेक उघडून बसले. सातवं ठिकाण व्याजाचं होतं. तिथे हात थांबला. सभासदाने कार्ड वापरलं तो दिवस धरायचा की सोसायटीच्या खात्यात पैसे पडले तो? हे मला माहीत नव्हतं आणि अंदाजाने लिहिण्यासारखंही नव्हतं. हिशेबाचं काम बघणाऱ्या ताईंना विचारलं, त्यांनी कमिटीला विचारलं, मग तो केस भरला. दीड दिवस गेला. मला तो दीड दिवस अतिशय मोलाचा वाटतो, कारण हाच प्रश्न पूर्वी महिनाअखेरीला तक्रार म्हणून आला असता.

बारावं ठिकाण मात्र सुटलं. पीडीएफ पावतीत कुणीतरी जुनी इन्स्टन्सऑफची शिडी (हा प्रकार आहे का, तो आहे का, असं एकामागून एक विचारणारे इफ) तशीच ठेवली होती. तिथे कंपायलर काही मोजत नाही, आणि कार्डाच्या पावत्या भरण्याचा प्रकार कोरा ठेवून छापल्या गेल्या. तसंच स्विचमध्ये 'डिफॉल्ट' लिहिलात तर सगळी राखण तिथेच संपते. आमच्याकडे आता रिव्ह्यूमध्ये या दोन गोष्टी दिसल्या की पीआर (कोड जोडण्याची विनंती) परत जातो. 'व्हेन'ची अट लावलेला केसही पूर्ण धरला जात नाही. न वटलेल्या चेकचा केस लिहिला की खाली साध्या चेकचा लिहावाच लागतो. हे मला पटतं.

व्हिजिटर पॅटर्नवाले, म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी एक मेथड असलेला वेगळा क्लास लिहिण्याची जुनी पद्धत वापरणारे, म्हणतील, हे आमच्याकडे होतंच. खरं आहे. नवा प्रकार आला की व्हिजिटरच्या इंटरफेसमध्ये मेथड वाढते आणि सगळे व्हिजिटर कंपाइल व्हायचे थांबतात. मी तो चार वर्षं वापरला आहे. पण 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'व्हिजिट'च्या फेऱ्यात नवीन मुलांना हिशेब कुठे होतोय तेच सापडत नाही. स्विच वरून खाली वाचता येतो.

सोसायचे त्रासही आहेत. टेस्टमध्ये पटकन लॅम्डा किंवा निनावी क्लास देऊन खोटा भरणा बनवता येत नाही, खरा रेकॉर्डच बनवावा लागतो. सगळे प्रकार एकाच मॉड्यूलमध्ये लागतात, मॉड्यूल वापरत नसाल तर एकाच पॅकेजमध्ये. रेकॉर्डला जेपीएची एन्टिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास) करता येत नाही, म्हणून टेबलासाठी वेगळे क्लास आणि मध्ये रूपांतराचा कोड आला. तो लिहायला मला कंटाळा येतो. आणि एकदा रिपोर्टची जुनी जार फाइल नव्याने कंपाइल न करता चढवली, तर कार्डाच्या पहिल्याच नोंदीला 'मॅचएक्सेप्शन' फेकून ती पडली. निदान गप्प राहिली नाही.

बँकांशी बोलणारा भाग मी सील्ड केलेला नाही आणि करणारही नाही. तिथला इंटरफेस तीन मेथडचा आहे: पैसे मागा, स्थिती विचारा, परतावा द्या. नवी बँक आली की दुसरी टीम तिचा क्लास लिहिते, आमच्या कोडला हातही लागत नाही. अशा जागी उघडा इंटरफेस आणि स्ट्रॅटेजी पॅटर्नच (प्रत्येक बँकेचं वागणं तिच्या स्वतःच्या क्लासमध्ये) हवा. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलर यांनी 1998 मध्ये ज्याला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं, तो पेच हाच: नवे प्रकार घालणं सोपं ठेवायचं की नवी कामं घालणं. आमच्या सहा प्रकारांवर दर महिन्याला नवा रिपोर्ट मागितला जातो, नवा प्रकार वर्षातून एखादाच येतो. बँकांचं नेमकं उलटं आहे.

पुढच्या तिमाहीत दंडाचे प्रकार सील्ड करायला घेतेय. त्याआधी कोडमधल्या इन्स्टन्सऑफच्या शिड्या शोधून ठेवल्यात. नऊ निघाल्या.